बिनमिठाचा भात

कुत्र्याच्या भातात मीठ घालायचं नाय, हे मला अक्षरं यायच्या आधी कळलं. अक्षरं तशी नंतर पण फार आली नाय, तिसरीपर्यंतच, पण मिठानं कुत्र्याचं नाक बिघडतं हे पक्कं बसलं. आमच्याकडं दोन चुली होत्या. बाहेरची मोठी, तीन धोंड्यांची, तिच्यावर सरकारी पातेलं, येवढं मोठं की लहानपणी मी त्यात अख्खी बसायची. ती कुत्र्यांची चूल. आतली लहान, धुरानं काळी झालेली, ती आमची. बाहेरच्या चुलीवर रोज मटण शिजायचं. आतल्या चुलीवर मटण गावच्या जत्रेला, नायतर पाव्हणा तेवढा मोठा असला तर. सकाळी डोळे उघडायचे मटणाच्या वासानं आणि समोर यायची पेज, सोबत लोणच्याची एक फोड. मला यात कधी अन्याय वाटला नाय. कुत्रे सैन्यात नोकरीला होते, आम्ही नव्हतो.

तशी नोकरी बाबाला होती, पण कुत्र्यांच्या खालची. अंबरनाथच्या बाजूला डोंगराला टेकून सैन्याचं कोठार होतं, बंदुकीच्या दारूचं. तारेचं कुंपण, आत लांब लांब पत्र्याची घरं, आणि कोपऱ्यात पाच कुत्र्यांचं पथक. बाबा तिथं कुत्र्यांचा स्वयंपाकी. रजिस्टरात कुत्र्यांचं नाव, नंबर, वजन, आईबापाचं नाव. बाबाचं नुसतं नाव, आणि ते पण चुकीचं. बारवी नदीच्या वरच्या अंगाला आमचं गाव, तिथून भातशेती भावांवर सोडून तो आलेला, कारण कोणीतरी बोललं सरकारी नोकरी हाय. कुंपणाच्या बाहेर, कुत्र्यांच्या घरांना लागून, आम्हाला एक खोली दिलेली. कागदावर स्वयंपाकी बाबा, पण भात आयच्या हातचा. भाताला पाणी किती लागतं हे बाबाला मरेपर्यंत कळलं नाय. कुत्र्यांना ते कळायचं. आय गावी गेली की दोन दिवस कुत्रे अर्धं ताट सोडायचे आणि जनावरांचा डॉक्टर त्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघायचा.

तिथले आवाज अजून माझ्या कानात हायत. पहाटे साखळ्यांचा आवाज, मंग ॲल्युमिनियमच्या ताटांचा, मंग भोंगा. भोंगा झाला की कामगार फाटकात रांगेला उभे राहायचे, येताना पण आणि जाताना पण, आणि कुत्रा त्यांच्या रांगेतून फिरायचा. कारण दारू चोरीला जायची. खडी फोडणारे घ्यायचे, नदीत बार उडवून मासे मारणारे घ्यायचे. चिमटीयेवढी दारू कोणी टोपीत नेली तरी कुत्रा त्याच्यासमोर जाऊन खाली बसायचा. भुंकायचा नाय, चावायचा नाय. नुसता बसायचा आणि वर बघायचा. बसणं म्हणजे सापडलं. आणि बरोबर बसला की त्याला उकडलेल्या काळजाचा एक तुकडा द्यायचा आणि ‘शाबास’ बोलायचं. येवढाच त्याचा पगार. मी पुढं पन्नास वर्षं माणसांच्यात काढली, येवढ्या कमी पगारात येवढं खरं बोलणारा कोणी भेटला नाय.

परवा माझी नात प्राची मोबाईल घेऊन आली. ती आनंदनगरच्या कंपनीत कामाला हाय, मशीनचे भाग बनवतात तिथं. आता आम्ही बदलापूरला बेलवलीत राहतो, चौथ्या माळ्यावर. मला बोलली, “आजी, हे बघ, सैन्यात आता असले कुत्रे आलेत.” बघितलं तर चार पायांची पेटी, रस्त्यानं टकटक चालली होती आणि लोक टाळ्या वाजवत होते.

“ह्याला तोंड कुठाय?” मी विचारलं.

“तोंड नसतं गं, कॅमेरा असतो.”

“मंग खातो काय?”

“चार्जिंग.”

“शेपूट?”

“नाय.”

“मंग खूश झाला ते कळतं कसं?”

“खूश कशाला व्हायला पायजे त्यानं? तू पण ना, आजी!” असं बोलून ती हसत आत गेली. हसणारी माणसं मी आधी पण बघितलीत. म्हणूनच हे लिहायला घेतलं. नात काना-मात्रा सुधारते, बोलणं सुधारायचं नाय असं तिला सांगितलंय.

पाच कुत्र्यांत एक मादी होती. लांब तोंड, पाठ काळी, पाय तांबडे. कागदावर तिचं नाव फ्लोरा. आयला ते बोलता येईना, तिनं फुलोरा केलं. नवरात्रात देवीच्या डोक्यावर कडाकण्यांचा फुलोरा टांगतात ना, तसं. कुत्रीला ते चाललं. ती उत्तरेकडच्या कुत्र्यांच्या शाळेत शिकून आलेली, म्हणजे माझ्यापेक्षा जास्त शिकलेली. तिला सांभाळायचा तो धोंडू हवालदार, घाटावरचा, मिशीवाला, मनानं चांगला आणि अंगानं आळशी. आम्ही त्याला धोंडूकाका बोलायचो. तो आयला वहिनी बोलायचा आणि भाकरीच्या वेळेला बरोबर हजर राहायचा. आय बोलायची, “तुमच्या कुत्रीपेक्षा तुमचं नाक बरं हाय, भावजी.”

आता कुत्र्याचं शिकणं कधी थांबत नाय. रोज सराव लागतो. भोकं पाडलेल्या झाकणाच्या लहान डब्या, त्यात चिमूटभर दारू, त्या लपवायच्या आणि कुत्र्यानं शोधायच्या. पण जो कुत्रा फिरवतो त्यानंच डबी लपवली तर कुत्रा दारूच्या वासावर जात नाय, त्या माणसाच्या वासावर जातो. म्हणून नियम असा की लपवायला परका माणूस पायजे, आणि रोज वेगळा पायजे. नियम लिहिणारा पंख्याखाली बसून लिहितो. जवानांना उन्हात डोंगरावर चढायचा कंटाळा. मंग धोंडूकाकानं एक सोय काढली. ती सोय म्हणजे मी. चौदा वर्षांची, शाळा सुटलेली, डोंगरावर शेळीसारखी चढणारी. कुंपणाच्या मागच्या भोकातून तो डब्या मला द्यायचा. मी त्या फ्रॉकच्या खिशात टाकायची, टेकडीवर जाऊन दगडाखाली, करवंदीच्या जाळीत, वारुळाजवळ ठेवायची आणि खाली येऊन हात वर करायची. दारूची डबी कुंपणाच्या बाहेर काढणं हा मोठा गुन्हा, आणि ती पोरीच्या हातात देणं त्याहून मोठा. बाबाला माहीत होतं. आयला माहीत होतं. साहेबाला नव्हतं. साहेबाला तशी बरीचशी दुनिया माहीत नव्हती.

तो फ्रॉक सांगायला पायजे. आय मला घेऊन उल्हासनगरला गेलेली, कॅम्पातल्या बाजारात, कटपीस घ्यायला. दुकानात एक जाडी सिंधी बाई बसलेली. तिनं खाकीसारखा एक जाड तुकडा आमच्यासमोर फेकला. आय बोलली, “पोरीला टोचंल हा. टिकंल का पण?” ती बाई हसली आणि बोलली, “अरे अम्मा, ये नहीं फटेगा. लडकी फट जायेगी, ये नहीं फटेगा.” त्याचा फ्रॉक शिवला, दोन्ही बाजूंना मोठे खिसे. माझ्याकडं फ्रॉक दोनच होते आणि दुसरा सणाचा. तर रोज हाच. डब्यांच्या भोकांतून दारूची पूड खिशात सांडायची, शिवणीत जाऊन बसायची. आय दगडावर आपटून धुवायची तरी खिशाचे कोपरे काळेच. ती बोलायची कोळसा हाय. आम्ही दोघी येडपट.

फुलोरा त्या वर्षी येवढी हुशार झाली की धोंडूकाकाची छाती मावेना. टेकडीवर सोडली की सरळ रेषेत डबीवर. एक चूक नाय. आधी काळजाचा तुकडा धोंडूकाका द्यायचा. मंग त्याला उठायचा कंटाळा आला. “भागे, तूच दे गं,” असं बोलून तो विडी पेटवायचा. भागी मी, भागीरथी. मंग मीच द्यायची, मीच ‘शाबास’ बोलायची. ती बसायची, वर बघायची, तुकडा अलगद उचलायची, दात लागू न देता. खरं काय झालेलं ते आमच्यातल्या एकाच्या पण डोक्यात आलं नाय. तिच्या लेखी दारूचा वास आणि माझा वास हा एकच वास झाला होता. ती डबी शोधतच नव्हती. मी कुठं कुठं गेली ते शोधत होती. ही अक्कल मला पंचवीस वर्षांनी आली, भांडी घासताना. तोपर्यंत तिच्या हाडांची माती झालेली.

मंग उन्हाळ्यात ते मशीन आलं. जीपमधून, गादीवर ठेवून. माणसं मागं ट्रकमध्ये उभी आणि मशीन पुढं गादीवर. त्याच्याबरोबर एक टायवाला साहेब, काळा गॉगल, घामानं पाठ भिजलेली पण टाय सोडायला तयार नाय. मशीन म्हणजे हिरवी पेटी, तिला एक लांब नळी, वर काटा, आणि वास आला की ती शिट्टीसारखी ओरडायची. टायवाला आमच्या चुलीपाशी उभा राहून पातेल्यात वाकला आणि नाकाला रुमाल लावून बाबाला बोलला, “कितना मटन खाते हैं ये रोज?” बाबानं सांगितलं. तो बोलला, “मशीन कुछ नहीं खाता.” जसं काय ते त्याचं पोर होतं आणि शहाणं होतं. आय चुलीत लाकूड सारत मराठीत बोलली, “खात नाय त्याला घरातलं काय कळणार?” टायवाल्यानं विचारलं, “क्या बोली?” बाबा बोलला, “कुछ नहीं साब, धुआँ हो गया बोलती है.”

ठरलं असं की फाटकासमोरच्या मैदानात दोघांची परीक्षा घ्यायची. सात पेट्या ओळीनं ठेवायच्या, एकीत दारू. एकदा कुत्रा, एकदा मशीन. वरचे साहेब बघायला येणार. कुत्रा म्हणून फुलोराच नेमली, कारण ती सगळ्यात हुशार. आदल्या दिवशी दुपारी धोंडूकाका आमच्या ओट्यावर येऊन बसला. भाकरी पुढं ठेवली तर त्यानं तोडली नाय. तेव्हाच मला कळायला पायजे होतं.

“हरली तर काय करतील हिचं?” आयनं विचारलं. “घरी धाडतील?”

“हिला कुठलं घर, वहिनी?”

“आम्ही नेऊ की गावी,” बाबा बोलला. “भावाकडं भातावर राखण करंल.”

“सरकारी माल हाय, दादा. कामाचा नसला तर सरकार तो कोणाला देत नाय.” त्यानं हाताच्या शिरेवर बोट टेकवलं. “सुई.” मंग माझ्याकडं बघितलं. “भागे, उद्या तू घराबाहेर पडायचं नाय. मैदानाकडं तर बघायचं पण नाय. ऐकलंस काय?”

मी मान हलवली. कशापायी बोलतोय ते त्यानं सांगितलं नाय. त्याला वाटलं असणार, साहेबानं पोरीला बघितलं आणि विचारलं ही कोण, तर पंचाईत. वासाचं त्याच्या पण डोक्यात नव्हतं. पण जे सांगितलं ते बरोबरच सांगितलेलं, आणि मी ऐकलं नाय. का नाय ऐकलं? तर चौदा वर्षांची होती आणि मला माज होता. माझी कुत्री जिंकणार आणि मी घरात बसू? मशीनचं तोंड काळं होणार आणि मी बघायचं नाय? मी गेली. लाकडं आणायला जाते असं आयला खोटं सांगून, रोजचाच फ्रॉक घालून गेली, आणि कामगारांच्या बायकांच्या मागं मैदानाला बांधलेल्या दोरीला धरून उभी राहिली. आयुष्यात माझ्यावर जे जे आलं, नवरा, पूर, दोन पोरं जाणं, त्याला मी कधी कोणाला दोष दिला नाय. याचा देते. स्वतःला देते.

पहिलं मशीन. टायवाल्यानं दोन जवानांना मशीनची पेटी धरायला लावली आणि स्वतः नळी धरून चालला, जसं काय आरती घेऊन निघालाय. पेटीपाशी पोचायच्या आधीच ते ओरडलं. कोणावर? तर बाबावर, चहाची किटली घेऊन उभा होता. मंग किटलीवर ओरडलं. मंग रांगेतल्या दोन कामगारांवर, एका बाईच्या अंबाड्यावर, पहिल्या पेटीवर, दुसऱ्या पेटीवर, तिसऱ्या पेटीवर. दारू तिसरीत होती. तिसरीवर ओरडलं तशा साहेबांनी टाळ्या वाजवल्या. धोंडूकाका हळूच बोलला, “साब, वो तो सब पे चिल्लाया.” टायवाला बोलला, “सेन्सिटिव्ह है. सेटिंग करनी पडेगी.” आमच्या गावात एक म्हातारी होती, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ‘चोर, चोर’ ओरडायची. एकदा खरंच चोर आला, त्याला पण ओरडली. तिला येडी बोलायचे. तिला कोणी टाळ्या वाजवल्या नाय, आणि कुत्र्यांचं मटण बंद करून कोणी तिला कोठारावर नेमली नाय. तिच्याकडं काटा नव्हता ना.

मंग फुलोरा. धोंडूकाकानं पट्टा सैल केला आणि ती निघाली, डोकं खाली, शेपूट सरळ. पहिली पेटी सोडली. दुसरी सोडली. तिसरीपाशी आली आणि थांबली. तिच्या मानेवरचे केस हलले, ते मी दोरीवरून बघितलं. मागचे पाय वाकायला लागले होते. अजून एक श्वास, आणि ती बसली असती. तेवढ्यात डोंगराकडून वारा सुटला, माझ्या पाठीमागून, माझ्या फ्रॉकमधून. तिनं मान वर केली. वळली. सात पेट्या, साहेब, खुर्च्या, सगळं मागं टाकून ती सरळ रेषेत माझ्याकडं आली. बायका बाजूला सरकल्या. ती दोरीखालून आली, माझ्या खिशाला नाक लावलं, आणि माझ्यासमोर बसली. बसली आणि वर बघितलं.

मैदान हसलं. आधी साहेब हसले म्हणून मंग सगळे हसले. टायवाला बोलला, “लडकी की जेब में मटन होगा! कुतिया को भूख लगी है!” मंग परत हसणं. फुलोरा हलली नाय. तिला हसणं कळत नव्हतं, तिला तुकडा पायजे होता. तिनं बरोबर काम केलं होतं. त्या अख्ख्या मैदानात, येवढ्या शिकलेल्या माणसांत, कुंपणाबाहेर गेलेली चोरीची दारू कोणाच्या अंगावर हाय हे एका जनावरानं सांगितलं, आणि बाकीच्यांनी दात काढले.

मोठ्या साहेबानं मला विचारलं, “क्या है जेब में, बेटी?” आवाज चांगला होता त्याचा. खिशातला तो कोळसा नव्हता हे ती बसली तेव्हाच मला कळलेलं, आणि हीच वेळ हाय हे पण कळलं. बोलायचं, साब, खिशात दारूची पूड हाय, रोज मीच डब्या लपवते, तिचं बरोबर हाय. येवढी तीन वाक्यं. मी तोंड उघडलं पण. तेवढ्यात बाबा किटली ठेवून आला आणि त्यानं माझं मनगट धरलं. माझ्याकडं बघितलं पण नाय. नुसतं धरलं. मी धोंडूकाकाकडं बघितलं. तो स्वतःच्या बुटांकडं बघत होता. मी बोलली असती तर बाबा तुरुंगात, धोंडूकाका तुरुंगात, आय आणि मी रस्त्यावर. नाय बोलली तर सुई. चौदा वर्षांच्या पोरीला याचा हिशोब किती वेळात करता येतो? लगेच करता येतो.

“काय नाय,” मी बोलली. “कुछ नहीं, साब.”

बाबा बोलला, “मेरी लडकी है साब, खाना देती है, इसलिए.” साहेब बोलला, “अच्छा, अच्छा.” संपलं. फुलोरा अजून बसलेलीच. धोंडूकाकानं येऊन पट्टा ओढला तरी ती दोन पावलं जाऊन परत वळून बघत होती, की अजून कसा तुकडा मिळाला नाय.

मशीनचं पुढं काय झालं ते सांगून टाकते. उरलेले चार कुत्रे त्याच आठवड्यात ट्रकमध्ये घालून दुसऱ्या कोठाराला पाठवले, आणि त्यांच्या जागेत मशीन ठेवलं, मखमलीच्या झाकणाखाली. ते रोज ओरडायचं. कामगारांवर ओरडायचं, विडीवर ओरडायचं, साबणावर ओरडायचं, पण दारू पहिल्यापेक्षा जास्त चोरीला जायची, कारण सगळ्यांवरच ओरडतं म्हटल्यावर झडती घ्यायची कोणाकोणाची? मंग जवानांनी त्याची शिट्टीच बंद करून ठेवली. दसऱ्याला शस्त्रांची पूजा असते. आधी त्या दिवशी कुत्र्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा घालायचे आणि आय त्यांना ओवाळायची. त्या वर्षी मशीनला माळ घातली. नवीन आलेल्या सुभेदारानं भक्तिभावानं नळीला हळद-कुंकू लावलं, आणि भरपूर लावलं, देवाचं काम म्हणून. कुंकू आत गेलं. मशीननं एकदा शिंकल्यासारखा आवाज केला आणि गप झालं ते कायमचं. टायवाला दोनदा येऊन गेला. मंग तो पण यायचा बंद झाला. पुढच्या वर्षी परत कुत्रे आले, नवीन. बाबानं परत पातेलं घासलं. कोणी कोणाची माफी मागितली नाय. सरकार माफी मागत नाय, नवीन ऑर्डर काढतं.

आमच्या सोसायटीत पण तेच चाललंय. गेटावरच्या लालीला, बारा वर्षांच्या कुत्रीला, पकडून नेली आणि तिच्या जागी चार कॅमेरे लावले. मागच्या महिन्यात खालच्या जोशीकाकूंची सायकल गेली. कॅमेऱ्यात दिसतो चोर, अगदी स्वच्छ. टोपी घातलेला. सेक्रेटरी सगळ्यांना दाखवत फिरला, “बघा, काय क्वालिटी हाय!”

हे सगळं मी मधे घुसवते कारण राहिलेलं सांगायचं जिवावर येतं. पण राहिलंय.

परीक्षेनंतर आठव्या दिवशी डॉक्टर फुलोरासाठी सुई घेऊन येणार होता, सकाळी दहाला. धोंडूकाका त्या दिवशी सुट्टी टाकून निघून गेला. मोठा मिशीवाला. मी त्याला दोष देत नाय, पण तो गेला हे लिहून ठेवते. आय पहाटे उठली. बाहेरची चूल तिनं पेटवलीच नाय. आतल्या चुलीवर, आमच्या पातेल्यात, आमचे गावचे तांदूळ घातले. मटण सरकारी होतं, ते काळजासकट त्यात टाकलं. मंग मिठाच्या बरणीत हात घातला. मी बोलली, “आये, मीठ नको ना?” आय बोलली, “कुणासाठी सांभाळायचं आता तिचं नाक?” आणि चिमूट सोडली. “आपल्या घरचं खाऊन जाऊ दे.” बाबा ओट्यावर आमच्याकडं पाठ करून बसलेला. तो त्या दिवशी कुत्र्यांच्या घराकडं गेला नाय. मला बोलला, “तू जा. तुला ओळखते.”

मी ताट घेऊन गेली. तोच फ्रॉक अंगावर होता, दुसरा कुठला असणार? फुलोरा उठली, साखळी वाजली. ताट मी खाली ठेवलं. वाफ निघत होती, असला वास तिला जन्मात मिळाला नव्हता, आमच्या आतल्या चुलीवरचा, मिठाचा. तिनं ताटाकडं बघितलं पण नाय. ती माझ्याकडं आली, उजव्या खिशाला नाक लावलं, डाव्या खिशाला लावलं, आणि माझ्यासमोर बसली. मागचे पाय नीट जुळवून, शाळेत शिकवलं तशी. आणि वर बघितलं.

तिथं कोणी साहेब नव्हता, टायवाला नव्हता, बाबा नव्हता माझं मनगट धरायला. मी ताटात हात घालून काळजाचा तुकडा काढला. आठ दिवस तिला द्यायचा राहिलेला तो तुकडा मी तिच्या तोंडापुढं धरला आणि बोलली, “शाबास. बरोबर हाय तुझं. माझ्याजवळच हाय.”

तिनं तो अलगद घेतला, दात लागू न देता. मंग शेपूट एकदा हलवलं आणि भाताकडं वळली. सगळा खाल्ला, ताट चाटून पुसून. मी तिथंच बसली होती. खाऊन झाल्यावर ती परत आली, आणि परत माझ्यासमोर बसली.